पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरूच होत नाही? जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी हे तपासा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. याचा अर्थ त्या दिवशी सगळे संगणक बंद पडले असा नाही. ते आजही चालतात. पण सुरक्षेच्या त्रुटी भरून काढणारी अपडेट्स आता पूर्वीसारखी आपोआप मिळत नाहीत. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ आहे, एवढंच. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० नावाची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. आता आपल्या घरातले, शाळेच्या लॅबमधले, मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेतले संगणक बघा. त्यातले कितीतरी चौथ्या-पाचव्या पिढीचे, तेही सेकंडहँड घेतलेले असतात.

दुकानदार सरळ सांगतो, "आता नवीनच घ्या." पण ज्या घरात दोन मुलं शिकतायत, स्कॉलरशिपचे फॉर्म भरायचेत, ऑनलाइन लेक्चर बघायचेत, तिथे नवीन लॅपटॉपचा खर्च म्हणजे कुणाच्या तरी फीचे पैसे. म्हणून लिनक्सचा रस्ता पुढे येतो. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ज्याची सुरुवात केली, ते लिनक्स आज मोफत मिळतं आणि जुन्या मशीनवरही नीट चालतं. लिनक्स मिंटला किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क लागते. ४ जीबी रॅम असेल तर काम आरामात होतं.

अडचण वेगळीच आहे. लोक हौसेने पेनड्राइव्ह तयार करतात, लॅपटॉपला लावतात, चालू करतात आणि समोर पुन्हा विंडोजच येतं. नाहीतर काळी स्क्रीन. दोन-तीनदा असं झालं की "हे आपल्या बसचं नाही" म्हणून पेनड्राइव्ह कपाटात आणि लॅपटॉप भंगारात. आम्ही शाळेत विद्यार्थ्यांना सोबत घेऊन जुनी मशीनं चालू करतो, तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसते. मशीन खरोखर खराब असणं फार कमी वेळा घडतं. बहुतेक वेळा पाच-सहा ठरलेल्या कारणांपैकी एक असतं, आणि ते ओळखायला इंजिनियर असावं लागत नाही.

आधी समजून घ्या: संगणक सुरू होतो म्हणजे काय होतं

बटण दाबल्यावर विंडोज किंवा लिनक्स लगेच जागं होत नाही. सगळ्यात आधी मदरबोर्डवरच्या चिपमधला एक छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणतात, नव्यांमध्ये यूईएफआय. बोलताना आपण दोन्हींना बायोसच म्हणतो. हा प्रोग्राम रॅम, कीबोर्ड, डिस्क तपासतो आणि मग त्याच्याकडच्या यादीप्रमाणे एकेका ठिकाणी विचारतो, "तुझ्याकडे सुरू करण्यासारखं काही आहे का?" ज्या ठिकाणी बूटलोडर सापडतो, त्याच्या हातात तो कारभार देतो. बूटलोडर पुढे लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, रॅममध्ये आणतो. आणि कर्नल मग स्क्रीन, वाय-फाय, माऊस यांना कामाला लावतो.

चार कड्यांची ही साखळी आहे. कुठली कडी तुटली, हे स्क्रीनवर काय दिसतं त्यावरून कळतं.

पेनड्राइव्ह लावूनही सरळ विंडोज सुरू झालं, तर बायोसने पेनड्राइव्हला विचारलंच नाही. दोष यादीत आहे.

"नो बूटेबल डिव्हाइस" किंवा "ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड" असा मजकूर आला, तर विचारलं पण उत्तर मिळालं नाही. दोष बहुधा पेनड्राइव्ह तयार करण्यात आहे.

"सिक्युअर बूट व्हायोलेशन" किंवा "इनव्हॅलिड सिग्नेचर" असा इशारा आला, तर बूटलोडर सापडला, पण बायोसने त्याला आत येऊ दिलं नाही.

लिनक्सचा मेनू आला आणि निवड केल्यावर स्क्रीन काळी झाली, तर बरीचशी लढाई जिंकलेली आहे. अडचण ग्राफिक्सची असण्याची शक्यता जास्त.

मेनूही आला, लोगोही आला आणि मग "इनिटरामएफएस" असं काहीतरी लिहून मशीन थांबलं, तर पेनड्राइव्हवरचा पुढचा डेटा वाचता येत नाहीये. डाउनलोड अर्धवट, पेनड्राइव्ह खराब किंवा यूएसबी पोर्टची कुरबुर.

म्हणून पहिला नियम: स्क्रीनवर जे येतं त्याचा मोबाइलवर फोटो काढा. "चालू होत नाही" एवढ्याने कुणी मदत करू शकत नाही. फोटो दाखवला तर जाणकार माणूस दोन मिनिटांत सांगतो.

हात लावण्याआधी दोन गोष्टी

पहिली, बॅकअप. पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालवून बघितलं तर डिस्कवरच्या फायलींना धक्का लागत नाही. पण इन्स्टॉल करताना "इरेज डिस्क" निवडलं तर सगळं जातं. लग्नाचे फोटो, मुलांच्या मार्कशीट, घराचे कागद, जे काही आहे ते आधी दुसरीकडे घ्या.

दुसरी गोष्ट फारच कमी लोक सांगतात. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये विंडोजने डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. अशा मशीनमध्ये बायोसची सेटिंग बदलली, की पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर डेटा कायमचा गेला. दुकानदारही काही करू शकत नाही. ही की सहसा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप चालू केला त्या खात्यात साठवलेली असते. खातं कधी मुलाच्या नावाने असतं, कधी दुकानदाराने स्वतःच बनवून दिलेलं असतं. म्हणून बायोसला हात लावण्याआधी की शोधा, वहीत लिहून ठेवा. की मिळाली नाही तर निदान सगळ्या फायली बाहेर काढून घ्या.

सगळ्यात जास्त चूक: पेनड्राइव्ह तयार करणं

लिनक्सची फाइल डाउनलोड होते तिला आयएसओ म्हणतात. बरेच जण ती फाइल कॉपी करून पेनड्राइव्हवर पेस्ट करतात. असं केलं तर पेनड्राइव्हवर फाइल असते, पण सुरू होण्यासारखं काहीच नसतं. आयएसओ ही पॅक केलेली पेटी समजा. पेटी दारात ठेवून संसार मांडला जात नाही. ती उघडून सामान लावावं लागतं.

हे काम रुफस किंवा बलेना एचर हे मोफत प्रोग्राम करतात. ८ जीबीचा पेनड्राइव्ह मिंटला पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. रुफस वापरताना मधेच तो विचारतो की आयएसओ पद्धतीने लिहू की डीडी पद्धतीने. आधी आयएसओ निवडा. नाही जमलं तर दुसऱ्यांदा डीडी निवडून बघा. कधी रुफस एखादी छोटी फाइल इंटरनेटवरून घ्यायची परवानगी मागतो, तेव्हा हो म्हणा. "पार्टिशन स्कीम"मध्ये एमबीआर ठेवून "टार्गेट सिस्टिम"मध्ये बायोस आणि यूईएफआय दोन्ही दिसत असतील, तर तो पेनड्राइव्ह जुन्या-नव्या दोन्ही मशीनवर चालण्याची शक्यता जास्त.

पेनड्राइव्ह तयार झाल्यावर विंडोज कधीकधी विचारतं, "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" कॅन्सल करा. विंडोजला लिनक्सची मांडणी समजत नाही म्हणून ते असं विचारतं. इथे घाईत "हो" दाबलं की मघाची मेहनत पाण्यात.

तिसरा प्रोग्राम व्हेंटॉय. यात पेनड्राइव्ह एकदा तयार केला की मग खरोखरच आयएसओ फायली नुसत्या कॉपी करायच्या. चार-पाच प्रकारची लिनक्स एकाच पेनड्राइव्हवर राहतात आणि सुरू करताना यादीतून निवडता येतात. शाळेच्या लॅबला हा प्रकार फार सोयीचा. मात्र सिक्युअर बूट चालू असेल तर पहिल्यांदा निळी स्क्रीन येते आणि चावी नोंदवायला सांगते. "एनरोल की" निवडून व्हेंटॉयच्या पार्टिशनमधली चावी दाखवायची. एका मशीनवर हे एकदाच करावं लागतं.

डाउनलोड पूर्ण झालं की नाही, हेही तपासावं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तीन जीबीची फाइल घेताना नेट तुटतं, आणि फाइल वरवर पूर्ण दिसली तरी आतून बिघडलेली असू शकते. लिनक्सच्या साइटवर प्रत्येक आयएसओसोबत शा २५६ नावाचा आकडे-अक्षरांचा लांबलचक ठसा दिलेला असतो. विंडोजमध्ये सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर आयएसओवर राइट क्लिक करून हाच ठसा काढता येतो. दोन्ही जुळले तर फाइल शंभर टक्के बरोबर. एक अक्षर जरी वेगळं असलं तरी पुन्हा डाउनलोड करा; अंदाजाने पुढे जाऊ नका.

आणि पेनड्राइव्ह खुद्द नकली असेल तर? बाजारात "६४ जीबी" लिहिलेले, आतून ८ जीबीचे पेनड्राइव्ह मिळतात. कॉपी करताना काही कळत नाही, वाचताना डेटा नसतो. रुफसमध्ये "बॅड ब्लॉक" तपासायची सोय आहे, ती नकली पेनड्राइव्हही पकडते. वेळ लागतो, पण रात्री लावून ठेवलं तर सकाळी निकाल हातात.

या सगळ्यावर एक सोपी चाचणी आहे. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघा. तिथे मेनू आला तर पेनड्राइव्ह ठीक, दोष पहिल्या मशीनच्या सेटिंगमध्ये. तिथेही आला नाही तर आधी पेनड्राइव्ह नव्याने बनवा. या एका चाचणीने अर्धा गोंधळ मिटतो, आणि तरी लोक ती सगळ्यात शेवटी करतात.

बूट मेनू: कुठल्या मशीनला कुठली की

पेनड्राइव्ह चांगला आहे, तरी विंडोजच येतं? मग बायोसला सांगायला हवं की यावेळी पेनड्राइव्हपासून सुरू कर. त्यासाठी बूट मेनू असतो. मशीन पूर्ण बंद करा, पेनड्राइव्ह लावा, बटण दाबा आणि लगेच ठरलेली की टकटक दाबत राहा. एकदा दाबून धरू नका.

डेल आणि बऱ्याच लेनोवोमध्ये एफ१२. एचपीमध्ये आधी एस्केप, मग एफ९. असुसच्या लॅपटॉपमध्ये एस्केप. एसरमध्ये एफ१२, पण एसरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये हा मेनू मुळात बंद असतो. आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन "एफ१२ बूट मेनू" चालू करावा लागतो. लेनोवोच्या काही मॉडेलमध्ये कडेला बारीक छिद्र असतं. मशीन बंद असताना त्यात सिमकार्डची पिन हलकेच दाबली की मेनू येतो. काही लॅपटॉपमध्ये एफ-कीसोबत एफएन कीही दाबावी लागते.

मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकतो: एकदा नुसत्या नावाने, एकदा "यूईएफआय" असं आधी लिहून. यात गोंधळू नका. विंडोज ज्या पद्धतीने बसवलेलं आहे तीच निवडा. विंडोजच्या सर्चमध्ये "सिस्टिम इन्फॉर्मेशन" लिहून उघडलं की "बायोस मोड"समोर लेगसी किंवा यूईएफआय लिहिलेलं असतं. हे आधीच बघून कागदावर टिपून ठेवा. विंडोज ठेवून बाजूला लिनक्स टाकायचं असेल तर हे फारच महत्त्वाचं. एक लेगसीत आणि दुसरं यूईएफआयमध्ये बसलं, तर नंतर दोघांतून निवडायचा मेनू नीट येत नाही.

पेनड्राइव्ह यादीत दिसतच नसेल तर पोर्ट बदला. हब किंवा एक्स्टेंशन काढून सरळ मशीनला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला. जुन्या बोर्डांना निळ्या रंगाचे यूएसबी ३ पोर्ट सुरुवातीला ओळखता येत नाहीत, त्यामुळे काळ्या पोर्टला लावून बघा.

फास्ट स्टार्टअपची भानगड

विंडोजमध्ये "शट डाउन" केलं म्हणजे मशीन पूर्ण बंद झालं, असं आपण समजतो. प्रत्यक्षात विंडोज ८ पासून "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय आहे. ती विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथूनच उठवते. त्यात भर म्हणून बायोसमध्येही "फास्ट बूट" असतं, जे वेळ वाचवायला यूएसबी तपासणंच टाळतं. मग तुम्ही एफ१२ कितीही दाबा, ऐकायला कुणी नसतं.

यावर सगळ्यात सोपा उपाय असा. विंडोज चालू असताना शिफ्ट दाबून धरा आणि "रीस्टार्ट"वर क्लिक करा. निळी स्क्रीन येईल. त्यात "यूज अ डिव्हाइस" असेल तर तिथून थेट पेनड्राइव्ह निवडता येतो. की टकटक करायची गरजच नाही. ज्यांना एफ-कीची वेळ साधत नाही, त्यांच्यासाठी हा रस्ता उत्तम. हा पर्याय यूईएफआय मशीनवरच दिसतो.

कायमचा उपाय करायचा तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू" उघडा आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणार असाल तर हे कराच. नाहीतर विंडोज झोपेत असताना लिनक्सला त्या पार्टिशनवर लिहिता येत नाही, आणि लोकांना वाटतं लिनक्सने ड्राइव्ह लॉक केला.

सिक्युअर बूट: दारावरचा पहारेकरी

सिक्युअर बूट म्हणजे यूईएफआयचा पहारेकरी. ज्या बूटलोडरवर ओळखीची डिजिटल सही असेल त्यालाच तो आत सोडतो. उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन यांच्याकडे अशी सही आहे, त्यामुळे त्यांच्यासाठी सिक्युअर बूट सहसा बंद करावा लागत नाही. लहान लिनक्स प्रकारांकडे बऱ्याचदा सही नसते.

पण सही असूनही अडवलं जाण्याचं एक कारण अलीकडे जोडलं गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने जुन्या, त्रुटी असलेल्या बूटलोडरांना नाकारायला सुरुवात केली. त्या वेळी दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्या अनेकांच्या स्क्रीनवर "एसबीएटी सेल्फ-चेक फेल्ड" असा संदेश आला आणि मशीन बंद झालं. आजही कुणाकडे तीन-चार वर्षांपूर्वी बनवलेला पेनड्राइव्ह असेल, तर हाच संदेश येऊ शकतो. मशीन खराब नाही, पेनड्राइव्ह जुना आहे. ताजी आयएसओ डाउनलोड करून नवीन पेनड्राइव्ह बनवा.

तरीही जमत नसेल तर बायोसच्या "सिक्युरिटी" किंवा "बूट" भागात सिक्युअर बूट "डिसेबल" करता येतो. आधी सांगितलेली ४८ अंकी की हातात आहे ना, हे पुन्हा बघा. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बदल सेव्ह केल्यावर मशीन पुन्हा सुरू होऊन स्क्रीनवर चार अंकी कोड दाखवतं. तो वरच्या ओळीतल्या आकड्यांनी टाइप करून एंटर दाबायचा असतो. टाइप करताना आकडे दिसत नाहीत, त्यामुळे लोकांना वाटतं कीबोर्ड चालत नाही, आणि ते एस्केप दाबतात. मग बदल रद्द. शांतपणे चार आकडे टाइप करा, एंटर दाबा, झालं.

सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्यांना इथे एक सल्ला. ऑफिसांतून निघालेल्या मशीनवर कधीकधी बायोसचा पासवर्ड असतो. पासवर्ड नसेल तर यातलं काहीच बदलता येत नाही. पैसे देण्याआधी दुकानातच बायोस उघडून बघा.

मेनू आला, मग काळी स्क्रीन

इथे घाबरण्याचं कारण नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या, विशेषतः एनव्हिडियाच्या मशीनवर हे नेहमीचं आहे. पुन्हा सुरू करा आणि मेनूमध्ये मिंटसाठी "कम्पॅटिबिलिटी मोड", उबंटूसाठी "सेफ ग्राफिक्स" निवडा. स्क्रीन थोडी ढोबळ दिसेल, पण काम होईल. इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा पुन्हा काळी स्क्रीन आली, तर सुरुवातीच्या मेनूत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स"मधून "रिकव्हरी मोड" आणि मग "रिझ्यूम" निवडून आत जा. आत गेल्यावर "ड्रायव्हर मॅनेजर"मधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला की त्रास संपतो.

काळ्या स्क्रीनवर लगेच हार मानू नका. जुना पेनड्राइव्ह आणि २ जीबी रॅम असेल तर लिनक्स वर यायला चार-पाच मिनिटंही लागतात. पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय तोवर थांबा.

शाळेतले जुने डेस्कटॉप: यांचं दुखणं वेगळं

फार जुन्या डेस्कटॉपमध्ये तीन गोष्टी बघाव्या लागतात.

एक, बटण सेल. मदरबोर्डवर सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल असतो. तो संपला की मशीन बंद करून प्लग काढल्यावर बायोसच्या सगळ्या सेटिंग विसरल्या जातात. तारीख दरवेळी चुकीची दिसत असेल तर हीच खूण. काल पेनड्राइव्ह पहिल्या नंबरवर ठेवला आणि आज पुन्हा जैसे थे, असं होत असेल तर आधी सेल बदला. घड्याळाच्या दुकानातही तो मिळतो.

दोन, जुने बायोस पेनड्राइव्हला हार्ड डिस्क समजतात. त्यामुळे बूटच्या मुख्य यादीत तो दिसत नाही. "हार्ड डिस्क ड्राइव्ह प्रायोरिटी" अशी वेगळी यादी असते, तिथे त्याला वर आणावं लागतं.

तीन, ३२ बिटचा प्रश्न. आजची उबंटू आणि मिंट फक्त ६४ बिट प्रोसेसरवर चालतात. प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर कर्नल स्वतःच तसं सांगून थांबतो. अशा मशीनसाठी डेबियन १२ ची ३२ बिट आवृत्ती बघा. पण १ जीबी रॅमच्या मशीनवर आजची वेबसाइट उघडायला घेतली तर लिनक्स चालेल, ब्राउझर रडेल. अशा मशीनवर मुलांना टायपिंग आणि संगणकाची मूळ ओळख शिकवा, त्याहून जास्त अपेक्षा नको.

मशीन मधेच कुठेही, दरवेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल तर रॅम तपासा. प्लग काढा, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ खोडरबरने हलक्या हाताने पुसा आणि पुन्हा घट्ट बसवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा.

इन्स्टॉल झालं, पेनड्राइव्ह काढला आणि पुन्हा विंडोज

हा शेवटचा टप्पा. बायोसच्या बूट यादीत जाऊन लिनक्सचं नाव विंडोजच्या वर आणा. मिंट टाकलं असलं तरी यादीत "उबंटू" असं नाव दिसतं, ते बरोबरच आहे. एसरच्या काही मॉडेलमध्ये आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवून लिनक्सच्या बूटलोडर फाइलला "ट्रस्टेड" म्हणून निवडावं लागतं. तो पासवर्ड वहीत लिहा. विसरलात तर नवीन डोकेदुखी.

इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नसेल, तर बायोसमध्ये डिस्क रेड किंवा इंटेल आरएसटी पद्धतीवर असू शकते. लिनक्सला एएचसीआय पद्धत लागते. विंडोज ठेवायचं नसेल तर खुशाल बदला. ठेवायचं असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नका, कारण तयारी न करता बदललं तर विंडोज सुरू होणं थांबतं.

विंडोज पूर्ण पुसायचं का? आधी कामं मोजा

आमच्याकडे पालक हाच प्रश्न घेऊन येतात. उत्तर तुमच्या कामावर आहे. ब्राउझरमधलं जवळजवळ सगळं, म्हणजे स्कॉलरशिपचे फॉर्म, बँक, ईमेल, व्हिडिओ लेक्चर, लिनक्सवर तसंच चालतं. पत्र, अर्ज, हिशोबाचे तक्ते यांसाठी लिबर ऑफिस सोबतच येतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी आणि उर्दू दोन्ही जोडता येतात, आणि नोटो नस्तालिक हा मोफत फाँट टाकला की उर्दू मजकूर नस्तालिकमध्येच दिसतो.

पण ज्यांचं पोट इनपेजवर आहे, म्हणजे उर्दू डीटीपी, लग्नपत्रिका, पुस्तकांची मांडणी, त्यांनी विंडोज पुसू नये. इनपेज विंडोजसाठीच बनलेलं आहे आणि त्याच्या फायली लिबर ऑफिसमध्ये सरळ उघडत नाहीत. टॅलीवर हिशोब ठेवणाऱ्या दुकानदारांचंही तेच. अशांनी दोन्ही सिस्टिम ठेवाव्यात, नाहीतर घरात दुसरं जुनं मशीन असेल त्यावर लिनक्स चालवावं.

बाकीच्यांनी इन्स्टॉलचं बटण दाबण्याआधी पेनड्राइव्हवरूनच तासभर काम करून बघावं. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर निघतो का, झाकण लावून उघडल्यावर स्क्रीन परत येते का. सगळं ठीक असेल तरच पुढे जा.

थोडक्यात, या क्रमाने जा

बॅकअप घ्या आणि बिटलॉकरची की लिहून ठेवा. ताजी आयएसओ घेऊन तिचा ठसा जुळवा. रुफस किंवा व्हेंटॉयने पेनड्राइव्ह बनवा. तो दुसऱ्या मशीनवर लावून बघा. मग शिफ्ट-रीस्टार्ट किंवा बूट मेनूतून निवडा. नाही झालं तर फास्ट बूट, त्यानंतर सिक्युअर बूट, त्यानंतर लेगसी की यूईएफआय. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते लिहा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने झालं तेही कळत नाही आणि कशाने बिघडलं तेही नाही.

आणि हे काम घरातल्या मुला-मुलींना सोबत घेऊन करा. नववी-दहावीची मुलं हे आपल्यापेक्षा लवकर शिकतात. एका मुलीला एक मशीन चालू करता आलं, की पुढच्या महिन्यात ती शेजारच्या दोन घरांतली मशीनं चालू करून देते. जो लॅपटॉप भंगारवाला वजनावर नेणार होता, त्यावर कुणाचं तरी बारावीचं वर्ष निघू शकतं. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी रविवारची एक दुपार त्याला देऊन बघा.